मरण कुठे आले, हे स्मारकाने विचारू नये

युद्धस्मारकाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते, आणि ते मांडणारे बहुधा सैन्याविषयी मनापासून आदर असलेलेच असतात. त्यांचे म्हणणे असे: स्मारक हा रणात पडलेल्यांचा मान आहे. सीमेवर शत्रूच्या गोळीने गेला त्याचे नाव दगडावर कोरावे. लढाई चालू असताना जो मागे मायदेशीच्या छावणीत राहिला आणि तिथे तापाने, अपघाताने किंवा सरावात गेला, त्याच्याबद्दल हळहळ जरूर वाटावी. पण त्याला त्याच ओळीत बसवू नये. बसवला तर खऱ्या वीराचे मोल उतरते.

हे मत चुकीचे आहे असे मला वाटते. मात्र ते उथळ नाही, म्हणून त्याचा आधी नीट विचार केला पाहिजे.

पूर्वपक्षाच्या पाठीशी आपल्याकडची मोठी परंपरा उभी आहे. धारातीर्थी पडलेल्याला स्वर्ग, ही समजूत महाभारतापासून बखरींपर्यंत सर्वत्र आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर, देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. त्यांची रचना पाहा. सर्वांत खालच्या चौकटीत पडलेला वीर किंवा झुंज, पुष्कळदा बाजूला गाई. मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. माणूस कसा मेला हे दगडच सांगतो. नाव पुष्कळदा कोरलेलेच नसते. म्हणजे आपल्या पूर्वजांनी नावापेक्षा मरणाच्या रीतीला मोठे मानले, हा पूर्वपक्षाचा दावा खोटा नाही.

पण याच वीरगळांत दुसरीही एक गोष्ट आहे. त्यांतले कितीतरी दगड राजाच्या मोहिमेत पडलेल्यांचे नाहीत. गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी शिवारातच झुंजलेल्यांचे आहेत. तो वीर कुठल्या मोठ्या लढाईत होता, हे गावाने विचारले नाही. गावाच्या कामी आला एवढे पुरले. शिवाय वीरगळ हे एका माणसाच्या एका कृत्याचे स्मारक आहे. आधुनिक युद्धस्मारक ही वेगळी वस्तू आहे. ज्या काळात सरकार लाखो माणसांना गणवेश चढवते, त्यांना कुठे पाठवायचे ते स्वतः ठरवते आणि त्यांतले हजारो परत येत नाहीत, त्या काळाची ही हजेरीपत्रके आहेत. वीरगळाचा निकष हजेरीपत्रकाला लावला की घोटाळा होतो, आणि प्रचलित मताचा पाया नेमका या घोटाळ्यावर आहे.

पहिला आक्षेप निवडीचा. आघाडीवरच्या सैनिकाने मरण पत्करले, मागच्याने सुरक्षित जागा पत्करली, असे गृहीत धरले जाते. पण शिपाई नेमणूक निवडत नाही. तो शपथ घेतो, आणि पाठवतील तिथे जाईन असे त्या शपथेत येऊनच जाते. २२ मे १९१५ ची सकाळ घ्या. स्कॉटलंडमध्ये ग्रेटनाजवळ क्विंटिन्सहिल येथे सिग्नलवाल्यांच्या चुकीमुळे एक लष्करी गाडी उभ्या गाडीवर आदळली, आणि पाठोपाठ आलेली एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. लष्करी गाडीचे डबे लाकडाचे होते, दिवे गॅसचे होते, सगळे पेटले. त्या गाडीत रॉयल स्कॉट्स पलटणीची सातवी बटालियन होती. लिव्हरपूलला बोटीत बसून ती गॅलिपोलीच्या आघाडीवर निघाली होती. दोनशेहून अधिक सैनिक तिथेच गेले. मृतांना लीथच्या रोझबँक दफनभूमीत लष्करी इतमामाने पुरले. त्यांनी एकही तुर्की सैनिक पाहिला नव्हता. गाडी वेळेवर पोचली असती, तर महिन्याभरात यांतले कित्येक जण गॅलिपोलीच्या खंदकात पडले असते आणि त्यांच्या पात्रतेविषयी कोणी अवाक्षर काढले नसते. तीच माणसे, तीच शपथ, तोच गणवेश. मध्ये फक्त एका सिग्नलची चूक. तेवढ्यावर मानाचा निवाडा करायचा का?

दुसरा आक्षेप गोळीचा. शत्रूच्या हाताने आलेले मरण आणि तापाने आलेले मरण एक कसे? या प्रश्नाला इतिहासानेच उत्तर देऊन ठेवले आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे १,१६,५१६ सैनिक गेले. त्यांपैकी लढाईत पडले ५३,४०२. उरलेले निम्म्याहून अधिक मुख्यतः रोगाने गेले, त्यातही १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने. त्यांतले कितीतरी मायदेशातल्या भरती-छावण्यांत गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प डेव्हन्ससारख्या छावण्यांत दाटीवाटीने ठेवलेल्या तरुणांत रोग वणव्यासारखा पसरला. ही माणसे घरी राहिली असती तर अशा दाटीत आली नसती. छावणीत गर्दी केली ती युद्धाने; तेव्हा रोगाला निखळ दैव म्हणून बाजूला सारता येत नाही.

आपल्याकडेही तेच. जून १९१८ मध्ये मुंबईत या साथीची पहिली चाहूल लागली ती पोलीस शिपायांच्या आजारपणाने, आणि त्यांतला एक शिपाई गोदीवर नेमलेला होता. सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटी याच बंदरात लागत होत्या. पुढे रेल्वेने हा ताप देशभर गेला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली असे अभ्यासक मानतात. लष्करी छावण्या त्यातून सुटणे शक्यच नव्हते.

गोळीचा निकष प्रामाणिकपणे लावायचा तर काही मोठी नावेही गळतील. इंग्लंडने पहिल्या महायुद्धातल्या बलिदानाचे प्रतीक म्हणून ज्या तरुण कवीला डोक्यावर घेतले, तो रूपर्ट ब्रुक २३ एप्रिल १९१५ रोजी रुग्णालय म्हणून वापरात असलेल्या जहाजावर वारला. कीटकदंशाची जखम चिघळून रक्तात विष भिनले, हे कारण. गॅलिपोलीची मोहीम त्याने पाहिलीच नाही. स्कायरॉस बेटावर त्याला पुरले, आणि त्याच्या वीरपणाबद्दल कोणी शंका घेतली नाही. आपल्या सियाचेनचेच पाहा. १९८४ पासून तिथे जितके जवान मृत्युमुखी पडले, त्यांतल्या बहुतेकांना शत्रूच्या गोळीने नव्हे, थंडीने, विरळ हवेने आणि हिमस्खलनाने नेले. त्यांना आपण मान देतो आणि तो योग्यच आहे. मग गोळी हा निकष आपण मनोमन केव्हाच सोडून दिलेला आहे. राहिला फक्त जागेचा निकष: उंच, दूर, दुर्गम जागी मेला तर वीर, आणि प्रशिक्षण केंद्राच्या दवाखान्यात मेला तर दुर्दैवी. याचे तार्किक समर्थन मला तरी कोणाकडून ऐकायला मिळालेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत भावनिक आहे आणि म्हणून सर्वांत जास्त चालतो: सगळ्यांना एका ओळीत बसवले की शूराचे शौर्य स्वस्त होते. शौर्यासाठी शौर्यपदके आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस होता, परमवीर चक्र आहे. त्यांची परीक्षा कडक आहे आणि ती तशीच राहावी. स्मारकाचे काम वेगळे. पदक सांगते की या माणसाने इतरांहून अधिक केले. स्मारक एवढेच सांगते की हा माणूस सेवेत होता आणि परत आला नाही.

हा फरक ज्यांनी सर्वांत आधी स्वच्छ ओळखला, त्यांचा दाखला इथे घेतला पाहिजे. फ्रान्समध्ये रेड क्रॉसच्या फिरत्या रुग्णवाहिका तुकडीचे प्रमुख असलेले फेबियन वेअर मृतांच्या कबरींची नोंद ठेवू लागले. त्यांच्या खटपटीतून २१ मे १९१७ रोजी राजसनदेने इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झाले. आजचे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ते हेच. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ मध्ये कमिशनला अहवाल दिला आणि त्यातून तत्त्वे पक्की झाली: प्रत्येकाचे नाव कायम राहावे, शिळा सर्वांच्या सारख्या असाव्यात, हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद नसावा. आपल्या मुलासाठी वेगळी, मोठी कबर हवी असणारी धनिक घराणी यावर चिडली. १९२० च्या मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जोरदार चर्चा झाली, आणि तत्त्व टिकले.

त्या शिळेवर काय असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. वर पलटणीचे चिन्ह, खाली क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय, धर्माची खूण आणि तळाशी कुटुंबाने द्यायच्या मजकुराला मोजकी अक्षरे, पूर्वी ६६. मरण कसे आले याला ठरलेल्या मजकुरात जागाच नाही. फ्लँडर्सच्या चिखलात गेलेला आणि इंग्लंडच्या लष्करी रुग्णालयात न्यूमोनियाने गेलेला यांच्या शिळा शेजारी ठेवल्या तर वाचणाऱ्याला फरक कळू नये, ही ती योजना. ही योजना आखणाऱ्यांनीच असा निवाडा शंभर वर्षांपूर्वी केलेला असताना आपण आज उलट्या बाजूने भांडत आहोत.

चौथा आक्षेप सीमेचा: कारण बघायचे नाही म्हटले, तर मग कोणालाही घ्यावे लागेल. हा व्यवहारी माणसाचा आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तरही व्यवहारीच आहे. सीमा आखता येते. किंबहुना कारणापेक्षा सेवेची सीमा अधिक चोख आखता येते. कमिशनने पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशा तारखा धरल्या. त्या काळात सेवेत असताना मृत्यू आला तर कारण विचारायचे नाही. सेवेतून मुक्त केलेला असेल, तर मात्र मृत्यू सेवेत जडलेल्या दुखण्यानेच आला हे दाखवावे लागते. एवढा साधा नियम. कारणाचा निकष लावला तर मेसोपोटेमियातला कॉलरा चालेल की नाही, आघाडीवर जाताना झालेला अपघात चालेल की नाही, अशा वादांना अंत राहत नाही.

कारणानुसार वर्ग पाडणे कुठेच नको असे माझे म्हणणे नाही. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २००१ च्या आदेशात कुटुंबाच्या निवृत्तिवेतनासाठी मृत्यूचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग केले: सेवेशी संबंध नसलेला नैसर्गिक मृत्यू, सेवेमुळे जडलेले दुखणे, कर्तव्यावरचा अपघात, दहशतवाद्यांच्या हिंसेसारख्या कारणाने आलेला मृत्यू, आणि युद्ध. पैसे वाटायचे असतील तर असे वर्ग लागतात. हिशेबनिसाचे ते कामच आहे. अडचण सुरू होते ती हिशेबाच्या वहीतले रकाने स्मरणाच्या दगडावर उतरवले की.

या रकान्यांमुळेच मागे राहिलेला सैनिक विसरला गेला, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसते. तिथे बारा हजारांहून अधिक ठिकाणी युद्धकबरी विखुरलेल्या आहेत, पुष्कळशा गावच्या चर्चच्या आवारात. १९१६ मध्ये क्षय जडला म्हणून सैन्यातून मुक्त केलेला आणि १९१८ मध्ये आईच्या घरी वारलेला माणूस कल्पून पाहा. सैन्याच्या पटावरून नाव आधीच कमी झालेले, नगरपालिकेच्या दप्तरात तो साधा नागरिक, आणि घरच्यांना कमिशनला कळवायचे असते हे ठाऊक नाही. कोणी दुष्टावा केला नाही. दोन कचेऱ्यांच्या मधल्या फटीत नाव पडले. ‘इन फ्रॉम द कोल्ड’ नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पातल्या मंडळींनी अशी हजारो नावे शोधून काढली. मृत्युदाखला एकीकडे, सेवेचे आणि निवृत्तिवेतनाचे कागद दुसरीकडे, आणि दोन्हींतली तारीख नि आजार जुळतो का, एवढीच पद्धत. पुरावा पटला की कमिशन नाव स्वीकारते. ज्यांची कबरच सापडत नाही त्यांच्यासाठी ब्रुकवुड येथे २०१५ मध्ये वेगळे स्मारक उभे राहिले. शंभर वर्षांनी याचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे: चूक दुरुस्त करता येते, म्हणून ती करायची.

पाचवा आक्षेप खास आपल्याकडचा. ही युद्धे साम्राज्याची होती, आपले लोक पगारासाठी गेले, त्यांचे स्मारक आपण का जपावे? गुलामीचा अभिमान नको हे बरोबरच आहे. पण माणसाचे नाव जपणे म्हणजे त्याच्या धन्याचे गोडवे गाणे नव्हे. उलट, कोणाचे नाव लिहायचे आणि कोणाची फक्त संख्या मांडायची हे साम्राज्याने ठरवले होते. आपण तीच यादी मुकाट्याने चालू ठेवली तर साम्राज्याचाच निवाडा कायम होतो. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हजारो भारतीय शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली आकड्यांत आले. कमिशनच्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच कबुली दिली की भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांना विषम वागणूक मिळाली, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांची नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही. बसऱ्याचे ते शिपाई तर आघाडीवरच होते. म्हणजे नाव राहते की पुसले जाते, हे शौर्यावर ठरत नाही; कोणाच्या वहीत काय लिहिले गेले यावर ठरते. प्रचलित मत स्मारकाला गुणवत्तायादी समजते. इतिहासातली एकही मोठी यादी तशी तयार झालेली नाही.

पुण्याच्या वाचकाला याचा पडताळा घ्यायला लांब जायला नको. खडकीत मुळेकाठी, होळकर पुलाजवळ युद्धदफनभूमी आहे. तिथल्या १९१४-१८ च्या स्मारकावर अठराशेहून अधिक नावे आहेत. ही माणसे हिंदुस्थानातल्या छावण्यांत आणि शहरांत वारली आणि त्यांच्या विखुरलेल्या कबरी सांभाळणे पुढे अशक्य झाले. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून इथे आणले. १९१४ मध्ये नियमित पलटणी आघाडीवर गेल्यावर त्यांच्या जागी ब्रिटनच्या टेरिटोरियल पलटणी हिंदुस्थानात पाठवल्या होत्या. पहारा, सराव, उन्हाळा आणि विषमज्वर हेच त्यांतल्या अनेकांचे युद्ध होते. त्याच आवारात जवळपास दोनशे पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी सैनिकांचीही नावे आहेत. हे दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात, पण लढाईच्या पट्ट्याबाहेर वारलेले. पूर्वपक्षाचा निकष लावला तर खडकीतली ही नावे खोडावी लागतील. ती खोडावीत असे म्हणणारा अजून कोणी भेटायचा आहे.

याहून अवघड उदाहरण हवे असेल तर इंग्लंडमधल्या ब्रॉकनहर्स्टचे घ्यावे. सुखा हा बरेलीकडचा झाडूवाला भारतीय सैन्याबरोबर गेला आणि १२ जानेवारी १९१५ रोजी तिशीतच तिथल्या रुग्णालयाच्या परिसरात आजाराने वारला. लढवय्या नाही, आघाडीवर नाही, गोळी नाही. जात अशी की अंत्यसंस्कार कोणी करायचे यावरून त्याच्याच देशबांधवांत अडले, असे सांगतात. शेवटी गावच्या धर्मगुरूने चर्चच्या आवारात जागा दिली. तो ख्रिस्ती नव्हता हे शिळेवर स्पष्ट लिहून, त्याच्या इमानी सेवेबद्दल गावकऱ्यांनी स्वखर्चाने दगड उभा केला. ज्यांचा त्याच्याशी धर्म, भाषा, देश यांपैकी कशाचाच संबंध नव्हता, त्यांना पात्रतेचा प्रश्न पडला नाही. आपल्या माणसांच्या बाबतीत तो आपल्याला पडावा, हे काही बरे नाही.

आणि मुंबईने तर हे तत्त्व आपणहून आचरलेले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाला आग लागली. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठीही. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले, पुन्हा फुटले, आणि गोदीलगतच्या वस्त्या पेटल्या. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. सुरुवातीला जपान्यांचा हल्ला समजून लोक घाबरले होते. प्रत्यक्षात शत्रूचा हल्ला झालेलाच नव्हता. तरी या ६६ जणांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. शत्रूने मारले का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कामावर होते आणि कामातच गेले, एवढे पुरते.

तेव्हा निर्णय असा. युद्धकाळात सेवेची शपथ घेतलेला माणूस आघाडीवर पडला, छावणीत वारला किंवा सेवेतल्या दुखण्याने घरी वारला, तरी स्मारकावर त्याचा हक्क सारखाच आहे. शौर्याचा वेगळा मान पदकांनी द्यावा, कुटुंबाच्या पोटापाण्याचा हिशेब निवृत्तिवेतनाने करावा; नावाच्या बाबतीत मात्र भेद नको.

यातून एक काम आपल्या वाट्याला येते. महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत महायुद्धाच्या स्मरणशिळा आहेत. गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढेच त्यांवर असते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावल्याचे सांगितले जाते. शिळेवर आकडा असतो, नावे नसतात. आकड्यात कोण आले आणि कोण सुटले, कोणाला छावणीत ताप आला म्हणून गाळले, हे दगडावरून कळत नाही. पण घराघरांत जुनी पेन्शनची पुस्तके आहेत, पदके आहेत, सुटीवर येऊन परत न गेलेल्याच्या आठवणी आहेत. शाळांत जुनी दाखलाखारीज पुस्तके आहेत आणि तालुका कचेऱ्यांत मृत्यूच्या नोंदी आहेत. ग्रामपंचायतींनी आणि स्थानिक इतिहास मंडळांनी हे कागद एकमेकांशी जुळवावेत आणि त्या शिळेशेजारी एक साधी नामावली लावावी. नावापुढे पलटण आणि तारीख असावी. मृत्यूचे कारण लिहू नये.